वंध्यत्वाचे आनुवंशशास्त्र : एका सूत्रकृमीची साक्ष

वंध्यत्व वारशाने येऊ शकते, असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या मनात पहिली शंका उठते ती ही की, ज्याला मूलच होत नाही त्याचा दोष पुढच्या पिढीत उतरणार तरी कसा? रंगांधत्व किंवा रक्ताचा एखादा विकार आईबापांकडून मुलाकडे आला तर त्यात नवल वाटत नाही, कारण तो विकार जडलेल्या माणसालाही संतती होते. परंतु संतती न होणे हाच ज्याचा विकार, त्याच्याबरोबर त्याचा वंश संपावा आणि वंशाबरोबर विकारही संपावा, असे साधा तर्क सांगतो. या शंकेचे अर्धे उत्तर मेंडेलच्या नियमांतच आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्यापाशी असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. त्यांतील एक बिघडलेली असली तरी दुसरी बहुधा काम निभावून नेते, आणि बिघडलेली प्रत कोणाच्याही ध्यानात न येता पिढ्यानपिढ्या पुढे जात राहते. दोन बिघडलेल्या प्रती एकाच देहात एकत्र आल्या की मगच दोष प्रगट होतो.

उरलेले अर्धे कोडे संशोधकाचे आहे. एखादे जनुक काय काम करते हे जाणून घेण्याची या शास्त्रातील जुनी आणि खात्रीची रीत म्हणजे ते बिघडवावे आणि त्यावाचून काय अडते ते पाहावे. डोळ्याचा रंग ठरवणारे जनुक बिघडले तरी त्या प्राण्याची पैदास चालू राहते आणि प्रयोगही चालू राहतो. परंतु शुक्राणू घडवणारे जनुक बिघडले की पैदासच थांबते आणि तपास पुढे चालवायला प्राणी उरत नाही. ही अडचण दूर झाली ती एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीमुळे, आणि त्याच्या अभ्यासातून शुक्राणूच्या घडणीविषयी जे हाती आले ते माझ्या मते गेल्या अर्धशतकातील जीवशास्त्राच्या सर्वांत सुंदर प्रकरणांपैकी एक आहे.

मातीतला पारदर्शक प्राणी

सूत्रकृमी मराठी वाचकाला परके नाहीत. टोमॅटोच्या आणि डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचे आहेत. मुलांच्या पोटातले जंत त्याच कुळातले. आणि पायविहिरीच्या पाण्यातून शरीरात शिरून पुढे पायातून बाहेर पडणारा, २००० साली भारतातून अधिकृतपणे हद्दपार ठरलेला नारू तोही त्यांच्यातलाच. ज्याची हकीकत येथे सांगायची आहे तो सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स मात्र निरुपद्रवी असून कुजणाऱ्या फळांत आणि पालापाचोळ्यात जिवाणू खाऊन राहतो. अल्जीअर्स येथील ग्रंथालयात ग्रंथपाल असलेले फ्रेंच निसर्गाभ्यासक एमिल मोपा यांनी १९०० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे केंब्रिज येथे सिडनी ब्रेनर यांनी या प्राण्याची मुद्दाम निवड करून १९७४ साली त्याच्या आनुवंशिकतेवर जो प्रबंध लिहिला, त्यातून एक संपूर्ण शास्त्रशाखाच उभी राहिली. प्राणी पारदर्शक आहे, म्हणजे जिवंतपणीच त्याची प्रत्येक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंत त्याला तीन-चार दिवस पुरतात. आणि १९९८ साली ज्या बहुपेशीय प्राण्याचा जनुकसंच सर्वांच्या आधी वाचून झाला तो हाच.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण निराळाच आहे. या जातीत निखळ मादी नाही. बहुतेक सगळे कृमी उभयलिंगी असतात, म्हणजे देहाने मादीसारखे असूनही ते स्वतःचे शुक्राणू स्वतः तयार करतात आणि आपलीच बीजांडे त्यांनी फलित करतात. यांच्या पेशींत एक्स गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. पेशीविभाजनात क्वचित एखादे एक्स गळते आणि एकच एक्स असलेला जीव जन्मतो, तो नर. उभयलिंगी कृमीच्या संततीत असे नर हजारात एखाद-दुसरेच निघतात.

आधी शुक्राणू, मागून बीजांडे

उभयलिंगी कृमीच्या जननग्रंथीला दोन भुजा असतात. बाल्यावस्थेच्या अखेरच्या टप्प्यात प्रत्येक भुजेत सुमारे १५० शुक्राणू तयार होतात, आणि मग ती निर्मिती कायमची बंद होऊन त्याच जागी, त्याच जातीच्या मूळ पेशींपासून, आयुष्यभर बीजांडे निपजू लागतात. याचा परिणाम असा की कृमीपाशी शुक्राणूंची शिल्लक सुमारे ३०० असते आणि त्याला संतती होते तीही साधारण तेवढीच. शुक्राणू जवळजवळ एकही वाया जात नाही. मनुष्याच्या देहात कोट्यवधी शुक्राणूंची जी उधळण चालते तिच्या शेजारी हा काटकसरीचा हिशेब ठेवून पाहावा. त्याच कृमीला नर मिळाला, तर संततीची संख्या हजाराच्याही वर जाते. म्हणजे बीजांडांची वाण कधीच नव्हती, शुक्राणूच अपुरे होते.

एकाच पेशीला आज शुक्राणू हो आणि उद्या बीजांड हो असे सांगणारा अधिकारी कोण? जनुकाची मूळ प्रत केंद्रकात जतन केलेली असते. प्रथिन घडवण्याच्या जागी जाते ती तिची नक्कल, जिला संदेशक आरएनए म्हणतात. ट्रा-२ नावाचे जनुक पेशीला बीजांडाच्या वाटेने नेते. बाल्यावस्थेत फॉग-२ आणि जीएलडी-१ या जनुकांची प्रथिने ट्रा-२ च्या नकलेला अडवून धरतात, तिचे प्रथिन होऊ देत नाहीत, आणि तेवढ्या मुदतीत शुक्राणू तयार होतात. शुक्राणूच्या वाटेला पेशीला लावणारे दुसरे जनुक म्हणजे फेम-३. प्रौढपण येता येता एफबीएफ नावाची प्रथिने याच रीतीने फेम-३ च्या नकलेला जखडतात आणि बीजांडांचे पर्व सुरू होते. फॉग-२ बिघडले तर उभयलिंगी कृमी एकही शुक्राणू घडवू शकत नाही आणि नरावर अवलंबून असलेली मादी बनून राहतो, नराचे मात्र काहीच बिघडत नाही. उलट फेम-३ वरचा हा बंध सुटला, तर ग्रंथीत बीजांडाची पाळी येतच नाही. शुक्राणूंवर शुक्राणू साठत जातात.

जवळच्या ब्रिग्झी या जातीतही उभयलिंगी कृमी आहेत, पण तिच्यात फॉग-२ नाहीच. तिथे हे काम दुसऱ्याच एका जनुकाकडे आहे. एकाच मुक्कामाला या दोन जाती स्वतंत्र वाटांनी पोहोचल्या, असा याचा अर्थ आहे.

दोष कोणाचा, याचा निवाडा

आता मूळ अडचणीकडे वळू. लहानशा काचेच्या बशीत अगारचा थर घालून त्यावर जिवाणूंचा पातळ लेप दिलेला असतो आणि त्यावर कृमी नागमोडी रेघा ओढत फिरत असतात. निकोप कृमीच्या मागे लंबगोल, टणक कवचाची, चकचकीत अंडी पडलेली दिसतात आणि थोड्या वेळाने त्यांच्या आत बाळकृमी वळवळू लागतो. शुक्राणू निकामी असलेल्या कृमीच्या मागे मात्र कवच नसलेले, तपकिरी, मऊ, पसरट गोळे पडलेले असतात. ती फलित न होताच बाहेर टाकलेली बीजांडे. सवयीच्या डोळ्याला हा फरक बशी भिंगाखाली धरताच कळतो.

अशा वांझ कृमीच्या बशीत एक निकोप नर सोडावा. टणक अंडी पडू लागली आणि त्यांतून पिले निघाली, तर बीजांडे, गर्भाशय, सारे काही ठाकठीक असून दोष केवळ कृमीच्या स्वतःच्या शुक्राणूंत होता, हे निर्विवाद ठरते. पिले निघाली नाहीत, तर दोष अन्यत्र शोधावा. मूल झाले नाही की तपासाआधीच सुनेला दोषी ठरवून मोकळा होणारा आपला समाज पाहिला म्हणजे, निवाड्याची ही स्वच्छ पद्धत एका कृमीच्या वाट्याला यावी आणि आपल्या घरांत तिचा विचारही होऊ नये, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

निवाड्याबरोबरच वंशही टिकतो. निकोप नरापासून झालेल्या पिलांत बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असते, म्हणून ती प्रसवक्षम असतात. त्यांनी स्वतःला फलित केले की पुढच्या पिढीत चारांत एक वांझ निघतो. शिवाय काही बिघाड तापमानावर अवलंबून असतात : १६ अंश सेल्सिअसवर कृमी बिनतक्रार प्रजा वाढवतो आणि २५ अंशांवर वांझ होतो, तेव्हा थंडीत वंश राखावा आणि उष्णतेत तपास करावा, अशी सोय होते. सॅम्युअल वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकांत याच मार्गाने शुक्राणूंचे दोष एकेक करून वेचले. त्या जनुकांना ‘स्पे’ आणि ‘फर’ अशी कुलनामे देऊन पुढे क्रमांक लावण्याची वहिवाट पडली.

कुलूप लावून निघालेली पेशी

शुक्राणू घडतो कसा, ते आता क्रमाने पाहू. ग्रंथीच्या टोकाकडे मूळ पेशी वाढत असतात. त्यांतील ज्या शुक्राणू होणार, त्या एका सामाईक जीवद्रव्याच्या दांड्याला चिकटून फुगतात आणि लागणारी बहुतेक सगळी प्रथिने याच काळात तयार करून ठेवतात. मग दांडा सोडून त्या मोकळ्या होतात आणि दोन वेळा विभागतात. या विभाजनात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते, आणि एका पेशीपासून चार प्राक्‌शुक्राणू निघतात.

इथे एक गोष्ट घडते ती विलक्षण आहे. चार प्राक्‌शुक्राणू मधल्या एका गोळ्यापासून कळ्यांसारखे वेगळे होत असताना, प्रथिने घडवणारे रायबोसोम, पेशीचा सांगाडा सांभाळणारी अॅक्टिन आणि ट्युब्युलिन ही प्रथिने, असा सगळा सरंजाम त्या मधल्या गोळ्यातच मागे टाकला जातो. प्राक्‌शुक्राणूबरोबर जाते ते केंद्रक, काही तंतुकणिका आणि काही खास पिशव्या. दूरच्या प्रवासाला कायमचा निघालेला माणूस चुलीला पाणी मारतो, घराला कुलूप लावतो आणि वाटेत लागेल तेवढी शिदोरी फडक्यात बांधून घेतो. नंतर भूक लागली तरी परत येऊन चूल पेटवण्याची मुभा त्याला नसते. शुक्राणूची स्थिती नेमकी हीच आहे. त्याच्या गुणसूत्रांत सगळी जनुके आहेत, पण त्यांवरून नवी नक्कल निघत नाही आणि नवे प्रथिन घडत नाही. पुढे जे काही करायचे ते आधी बांधून घेतलेल्या प्रथिनांवर.

शिदोरीचा मोठा भाग म्हणजे ज्याला मुख्य शुक्राणू-प्रथिन म्हणतात ते. शुक्राणूतील एकूण प्रथिनांपैकी सुमारे १५ टक्के हे एकटेच असते, आणि ते घडवणारी जनुके एक-दोन नसून सुमारे ३० आहेत. थोड्या वेळात मोठा साठा करायचा, तर इतके हात लागतात. ते घट्ट तंतूंच्या गठ्ठ्यांत बांधलेले असते आणि प्रत्येक गठ्ठ्याला एक पडद्याची पिशवी जोडलेली असते, म्हणजे वाटणीच्या वेळी माल सांडत नाही आणि चारही प्राक्‌शुक्राणूंना त्यांचा हिस्सा पोहोचतो.

या जनुकांचे ठिकाणही विचार करण्याजोगे आहे. जननपेशींत एक्स गुणसूत्र बहुतांशी निःशब्द ठेवलेले असते. त्यामुळे शुक्राणूच्या घडणीला लागणारी जनुके एक्सवर अत्यल्प असून ती बाकीच्या पाच गुणसूत्रांवर पसरलेली आहेत.

> चौकट : पेशीचा प्रवास
> मूळ पेशी → वाढीचा काळ (बहुतेक सगळ्या प्रथिनांची बेगमी) → दोन विभाजने → चार प्राक्‌शुक्राणू, गोल आणि निश्चल → इशारा मिळताच छद्मपाद फुटून सरपटणारा शुक्राणू. शेवटच्या टप्प्यात एकही जनुक नव्याने वाचले जात नाही.

इशारा कोठून येतो?

प्राक्‌शुक्राणू गोल आणि निश्चल असतो. इशारा मिळाला की काही मिनिटांत त्याच्या एका बाजूने पायासारखा फुगवटा, म्हणजे छद्मपाद, निघतो, पडद्याच्या पिशव्या बाहेरच्या आवरणाशी मिसळतात आणि शुक्राणू चालू लागतो. प्रयोगशाळेत प्रथिने चिरणारे एखादे विकर टाकूनही हे रूपांतर घडवता येते.

स्पे-८, स्पे-१२ आणि त्यांच्या गटातील जनुके बिघडलेल्या उभयलिंगी कृमींत हा इशारा पोहोचत नाही. त्यांचे प्राक्‌शुक्राणू गोलच राहतात आणि कृमी वांझ होतो. परंतु त्याच बिघाडाचा नर मात्र प्रसवक्षम असतो! इतकेच नव्हे, अशा वांझ उभयलिंगी कृमीचा नराशी संग झाला, तर तिचे स्वतःचे निजलेले शुक्राणूही जागे होतात. यावरून अनुमान निघाले की नरापाशी इशाऱ्याचा दुसरा मार्ग आहे आणि तो वीर्यद्रवातून जातो. पुढे २०११ साली ट्राय-५ हे प्रथिन चिरणारे विकर त्या द्रवात सापडले. ते वेळेआधी काम करू लागले तर काय होते, हे त्याआधीच, २००६ साली, स्वॅम-१ या आवर घालणाऱ्या जनुकाच्या शोधाने कळले होते : आवर सुटलेल्या नरात शुक्राणू त्याच्याच देहात सरपटू लागतात आणि मग ते उभयलिंगी कृमीकडे नीट पोहोचत नाहीत. शुक्राणूच्या आतही स्पे-६ नावाचे जनुक वेळेआधी जागे होण्याला अटकाव करते. ते दुबळे झाले तर स्पे-८ गटाचा वांझपणाही दूर होतो. एका बिघाडाने दुसरा बिघाड निस्तरावा, असे आनुवंशशास्त्रात पुष्कळदा घडते, आणि कोणते जनुक कोणाच्या आधी काम करते याचा क्रम अशाच जोड्यांवरून लागतो.

सरपटण्याचे यंत्र

मनुष्याचा शुक्राणू शेपटीच्या फटकाऱ्याने पोहतो. सूत्रकृमीच्या शुक्राणूला शेपटी नाही. तो छद्मपादाने पृष्ठभागाला धरून सरपटतो. सरपटणाऱ्या इतर पेशी, उदाहरणार्थ आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी, हे काम अॅक्टिनवर भागवतात. अॅक्टिनच्या तंतूला दिशा असते, आणि त्या दिशेने मायोसिनसारखी चालक प्रथिने त्यावर चालू शकतात. शुक्राणूने अॅक्टिन मागे टाकले, म्हणून येथे मुख्य शुक्राणू-प्रथिनाचेच तंतू विणले जातात, आणि या तंतूंना दिशा नसल्यामुळे त्यांवर चालक प्रथिन चालू शकत नाही. मग ओढतो कोण? छद्मपादाच्या पुढच्या कडेला तंतू सतत विणले जातात आणि मागच्या बाजूला, पेशीच्या धडाजवळ, ते सतत उसवत राहतात; पुढच्या विणण्याने कडा पुढे ढकलली जाते आणि मागच्या उसवण्याने धड ओढले जाते. डुकराच्या आतड्यातील मोठ्या जंताचे शुक्राणू आकाराने मोठे असल्याने त्यांवर हे काम विशेष झाले. अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात टॉमस रॉबर्ट्स यांच्या गटाने अशा पेशी फोडून त्यांच्या अर्कात ऊर्जा पुरवणारे एटीपी घातले, तेव्हा अख्खा शुक्राणू नसतानाही आवरणाच्या बारीक पुटिकांमागे तंतूंचा खांब वाढू लागला आणि त्या पुटिका पुढे ढकलल्या जाऊ लागल्या.

याच प्रथिनाचे दुसरे कार्य २००१ साली उजेडात आले. शुक्राणू शुक्रग्राहिकेत, म्हणजे शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीत, मुक्कामाला असताना हे प्रथिन बाहेर सोडतो. ते ग्रंथीतील बीजांडापर्यंत पोहोचते, त्याला पक्व होण्याचा इशारा देते आणि भोवतीच्या आवरणाला आकुंचन पावायला लावते. शुक्राणू संपले की इशारा थांबतो आणि बीजांडे पक्व होणेही मंदावते. चालण्याचे साहित्य आणि संदेश या दोन्ही गोष्टी एकाच प्रथिनाने कराव्यात, ही काटकसर मला या सबंध प्रकरणातील सर्वांत अनपेक्षित बाब वाटते.

कृमीपासून माणसापर्यंत

फर-१ बिघडलेल्या शुक्राणूत छद्मपाद आखूड राहतो आणि पडद्याच्या पिशव्या बाहेरच्या आवरणाशी मिसळत नाहीत. हे जनुक १९९७ साली वाचून झाले. पुढच्याच वर्षी, तरुण वयात पोटऱ्यांचे आणि कंबरेचे स्नायू झिजवणाऱ्या मनुष्याच्या आजाराचा शोध घेताना जे जनुक सापडले ते फर-१ शी इतके मिळतेजुळते निघाले की त्याचे ‘डिस्फर्लिन’ हे नाव फर-१ वरूनच पडले. स्नायूच्या आवरणाला चीर पडली की ती बुजवण्यासाठी पिशव्या आवरणाशी मिसळाव्या लागतात, काम तेच. याच घराण्यातील आणखी एका जनुकाच्या बिघाडाने जन्मजात बहिरेपणा येतो. स्पे-४ ची गोष्टही अशीच : ते कृमीत १९९२ साली वाचले गेले, आणि १९९५ साली लवकर येणाऱ्या अल्झायमर रोगाचे प्रेसेनिलिन हे जनुक सापडले तेव्हा त्याचे साम्य स्पे-४ शी दिसून आले. कृमीच्या वांझपणाचा तपास चालू होता तेव्हा स्नायूंचा किंवा स्मृतीचा विचार कोणाच्या मनातही नव्हता.

वंध्यत्वाच्या दृष्टीने सर्वांत बोलका बिघाड स्पे-९ चा. या शुक्राणूंत दिसायला काहीच कमी नसते. ते जागे होतात, सरपटतात, शुक्रग्राहिकेत पोहोचतात, बीजांडाला भिडतात, आणि फलन होत नाही. बीजांडाशी जुळण्यासाठी शुक्राणूच्या पृष्ठभागावर असावे लागणारे प्रथिनच त्यांच्यापाशी नसते. अशा नराचा उभयलिंगी कृमीशी संग झाला, तर नराचे मोठे शुक्राणू तिच्या स्वतःच्या निकोप शुक्राणूंना बाजूला सारून जागा अडवतात आणि स्वतः काहीच करत नाहीत, म्हणून तिची संतती घटते. शुक्राणूंची संख्या ठीक, हालचाल ठीक, तरी मूल नाही, असे ऐकून दवाखान्यातून परतणारी जोडपी आपल्या परिचयात असतात. त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत दोष अशा एखाद्या भेटीच्या प्रथिनात असू शकेल, ही शंका कृमीमुळे रास्त ठरते. स्पे-४५ हे कृमीचे जनुक तर उंदराच्या आणि मनुष्याच्या शुक्राणूवरील ‘इझुमो’ या प्रथिनाशी नाते सांगते, आणि इझुमोवाचून उंदराचा नरही वांझ राहतो.

बापाचा वाटा

बीजांडात शिरल्यावर शुक्राणूचे काम संपते असे मानण्याचा प्रघात होता. स्पे-११ ने तो मोडला. हे जनुक बिघडलेल्या शुक्राणूने बीजांड फलित होते, पण गर्भ मरतो, मग आईकडे त्या जनुकाची निकोप प्रत असली तरीही. कारण ते प्रथिन स्वाभाविकपणे फक्त शुक्राणूतूनच येते. तेच प्रथिन युक्तीने बीजांडात तयार करवले तर गर्भ जगतो, हे १९९६ साली दाखवण्यात आले. शुक्राणूच्या तंतुकणिका मात्र बीजांड ठेवून घेत नाही. थोड्याच वेळात त्या वेढून पचवल्या जातात, आणि पिलाच्या तंतुकणिका केवळ आईच्या राहतात. गुणसूत्रांखेरीज बापाकडून येतात ती तारककाये, ज्यांच्यावाचून पहिले पेशीविभाजन होत नाही, आणि आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही जनुकात लिहिलेली नाही : शुक्राणू बीजांडाच्या ज्या टोकाने शिरतो ते टोक कृमीचे मागचे टोक ठरते. ज्या थोड्या बीजांडांत तो नेहमीच्या उलट बाजूने शिरला, त्यांत डोके आणि शेपटी यांच्या जागांचीही अदलाबदल झालेली आढळली.